मी जोगणीकडे बोट दाखवलं

मी एक जुना अँटेना आहे, पण छपरावर उभा राहून वारा खाणारा नव्हे. मला हातात धरतात. पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा माझा कणा आहे आणि त्यावर पोलादी मोजपट्टीचे तीन आडवे तुकडे बसवलेले आहेत. मागचा सगळ्यात लांब, पुढचा सगळ्यात आखूड, आणि मधल्यातून निघालेली काळी वायर एका छोट्या रेडिओ यंत्रात जाते. पाहणाऱ्याला मी माशाच्या काट्यासारखा दिसतो.

मित्रांनो, माझं काम एवढंच, की रेडिओची हाक कुठल्या दिशेनं येते आहे ते सांगायचं. माझं तोंड बरोबर त्या दिशेला आलं, की यंत्रातला आवाज मोठा होतो. दुसरीकडे वळवलं, की बारीक होत जातो. मला पाय नाहीत आणि स्वतःहून वळताही येत नाही. ज्याच्या हातात मी असेन, तो वळवील तिकडे मी वळतो. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुःख त्यातच आहे.

मला देवासच्या मोरोपंतांनी बनवलं. ते कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि हौशी रेडिओचा त्यांना जुना नाद. दर रविवारी देवास आणि धारची आठदहा माणसं जमून एक खेळ खेळायची. एकानं टेकडीच्या उतारावर, झाडाझुडपात कुठेतरी छोटा रेडिओ लपवायचा आणि बाकीच्यांनी हातातले अँटेना फिरवत तो शोधून काढायचा. त्या खेळासाठी माझा जन्म झाला. मोजपट्टीचे हात मोरोपंतांनी मुद्दाम निवडले होते. बाभळीच्या काट्यात घुसलं तरी ते वाकतात आणि बाहेर आलं की आपोआप सरळ होतात. ॲल्युमिनियमच्या काड्यांना हे जमत नाही.

त्या खेळात धारचा वीरेंद्र तीन वर्षं लागोपाठ पहिला आला. तेव्हा तो पंचविशीचा असेल. इतर लोक मला तलवारीसारखं गरागरा फिरवायचे. वीरेंद्र मला सावकाश वळवायचा, मध्येच थांबायचा, मग मला आडव्याचा उभा करून पुन्हा ऐकायचा. हाक फार मोठी झाली तर यंत्राचा आवाज कमी करून तो मला छातीशी धरायचा आणि स्वतःच्या अंगाचा आडोसा करून पाठमोरा फिरायचा, म्हणजे कुठली बाजू खरी ते कळे. मोरोपंत त्याच्याकडे पाहत म्हणायचे, "ह्याच्या हातात वस्तू शहाणी होते."

मलाही तसंच वाटायचं.

मग एक दिवस अल्पना मोरोपंतांकडे आली. ती त्यांच्या चुलत भावाची मुलगी. शिकून लांडग्यांचा अभ्यास करत होती. धार जिल्ह्यात बदनावरच्या पुढे गवताचं एक मोठं बीड आहे. बीड म्हणजे राखीव कुरण. तिथे लांडग्यांचं एक कुटुंब राहत होतं आणि त्यातल्या मादीच्या गळ्यात वनखात्याच्या परवानगीनं रेडिओचा पट्टा बांधलेला होता. त्या पट्ट्यातून सारखे ठोके यायचे. ती हिंडत असेल, तर सावकाश. बराच वेळ अजिबात हलली नाही, तर ठोके दुप्पट वेगानं पडू लागत. दुप्पट ठोके म्हणजे बहुतेक वेळा मरण.

"काका, माझा बाहेरून आणलेला अँटेना काट्यात मोडला," अल्पना म्हणाली. "दुसरा यायला तीन महिने लागतील."

मोरोपंतांनी मला खुंटीवरून काढलं. "हा घेऊन जा. पण तुझ्या पट्ट्याची लहर निराळी आहे. ह्याचे हात जरा कमी करावे लागतील."

त्यांनी कातरीनं माझे तिन्ही हात बोटाबोटानं आखूड केले. त्या दिवसापासून मी रविवारच्या खेळाच्या कामाचा उरलो नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण आता जिवंत प्राण्याची हाक ऐकायची होती.

"धरायला कुणीतरी जाणता हवा," अल्पना म्हणाली.

"वीरेंद्रला ने. त्याच्याइतका चांगला कान माझ्या पाहण्यात नाही. त्याच्याबद्दल मी शब्द देतो," मोरोपंत म्हणाले.

असं आमचं तिघांचं त्रिकूट जमलं. अल्पना, वीरेंद्र आणि मी.

बीडाच्या कडेला खंडोजींचं घर होतं. त्यांचे पूर्वज धारच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. आता खंडोजी सोयाबीन आणि गहू पिकवायचे, शेळ्या पाळायचे. लांडगीनं त्यांच्या दोन शेळ्या नेल्या होत्या, तरी तिचं नाव त्यांनीच ठेवलं. एकटीच माळ तुडवत फिरते म्हणून जोगण.

गावात तिच्याविषयी राग होता. पहिल्या हिवाळ्यात काही लोक तिच्या बिळात धूर घालायला निघाले होते. खंडोजींनी त्यांना अडवलं. त्यासाठी अल्पना त्यांच्या ओट्यावर बसून दोन तास बोलली होती, ते मी भिंतीला टेकून ऐकलं.

"ताई, लोकांना मी समजावीन," खंडोजी शेवटी म्हणाले. "पण एक बात पक्की पाहिजे. तुम्ही तिचा पत्ता कोणाला द्यायचा नाही. आज तुम्ही याल, उद्या शहरातली चार माणसं येतील, मग ती घाबरून गावाकडे सरकेल. मग मी गावाला कोणत्या तोंडानं सांगू?"

"शब्द देते. आम्हा दोघांशिवाय कुणीही येणार नाही."

"हौ. आणि भिया, तुम्ही?" वीरेंद्रला ते भिया, म्हणजे भाऊ, म्हणत.

"माझाही शब्द, दादा," वीरेंद्र म्हणाला.

दोन हिवाळे आम्ही काम केलं. पद्धत अशी होती, की सकाळी एका टेकडीवर उभं राहायचं, मला फिरवून हाक कुठून येते ते पाहायचं आणि नकाशावर त्या दिशेला एक रेघ ओढायची. मग मैलभर दूर दुसऱ्या टेकडीवर जाऊन दुसरी रेघ ओढायची. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे जोगण. तिच्या जवळ जायची गरजच पडत नसे. माळावर पवनचक्क्या होत्या आणि त्यांच्या लोखंडी खांबांवर आपटून हाक कधी कधी खोट्या दिशेनं यायची. वीरेंद्र ते लगेच ओळखायचा. "ही खरी नाही, ही उसनी," असं म्हणून तो मला हळूच वळवायचा आणि खरी दिशा सापडली, की माझ्या कण्यावर बोटानं टकटक करायचा. शाबासकी असावी तशी. ती टकटक मला फार आवडायची. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, अल्पनापेक्षा मला वीरेंद्रचा हात जास्त आवडत होता.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, जोगण हिंडायची थांबली. रोज त्याच नाल्यातून हाक येऊ लागली. "पिल्लं झाली," अल्पना म्हणाली. ती इतकी आनंदली होती, की तीच हाक तिनं पुन्हा पुन्हा ऐकली. बिळाची नेमकी जागा तिला दोन दिवसांत काढता आली असती. तिनं काढली नाही. नकाशावर तिनं मुद्दाम एक मोठा गोल काढला.

"इतका मोठा कशाला?" वीरेंद्रनं विचारलं.

"आपल्याला एवढंच माहीत असलेलं बरं."

 त्या दिवशी माझी वायर गुंडाळताना वीरेंद्रनं ती फार घट्ट ओढली.

त्याच आठवड्यात धारला अल्पनाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. चार दिवसांसाठी तिला जावं लागणार होतं. निघताना तिनं मला वीरेंद्रच्या हातात दिलं.

"रोज सकाळी फक्त टेकडीवरून ऐक. ठोके सावकाश आहेत ना, एवढंच लिही. खाली उतरू नकोस."

"तू आईकडे बघ. इकडची चिंता नको करूस."

पहिल्या दिवशी तिनं सांगितलं तसंच त्यानं केलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा तीन पांढऱ्या जीपा बीडाच्या कडेला येऊन थांबल्या. शहरातली पाच माणसं उतरली. त्यांच्याजवळ हाताएवढ्या लांब भिंगांचे कॅमेरे होते आणि एक छोटं उडणारं यंत्र होतं. वीरेंद्र त्यांच्या पुढे मला धरून उभा राहिला.

मला वाटलं, तो त्यांना रविवारचा खेळ शिकवणार असेल. खरंच असं वाटलं.

तो नाल्यात उतरला. मला वळवलं, थांबला, पुन्हा वळवलं. आवाज मोठा झाला. तो पुढे चालला. आवाज आणखी मोठा झाला, तसा त्यानं यंत्राचा आवाज कमी केला आणि मला छातीशी धरून पाठमोरा फिरला. टेकडीवर शिकलेली सगळी विद्या त्यानं त्या सकाळी वापरली. मी खोटं बोलू शकत नाही. हाक जिथून येत होती तिकडेच मी बोट दाखवत गेलो. करवंदीच्या जाळीखाली, नाल्याच्या काठात, एक काळं भोक होतं.

"इथे," वीरेंद्र हळू आवाजात म्हणाला.

आणि त्यानं माझ्या कण्यावर टकटक केली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. ज्या शाबासकीसाठी मी दोन हिवाळे जीव टाकला, ती मला त्या भोकासमोर मिळाली.

ती माणसं तीन तास तिथे होती. उडणारं यंत्र बिळावर घरघरत होतं. अखेर जोगण बाहेर आली. एक पिल्लू तोंडात धरून ती नाल्यातून निघाली, दिवसाढवळ्या, माणसांच्या समोरून. कॅमेरे सारखे कटकट करत होते. ती पवनचक्क्यांच्या टेकडीकडे गेली. त्या टेकडीच्या आणि बीडाच्या मध्ये फोरलेनचा रस्ता आहे. ती परत आली, दुसरं पिल्लू उचललं आणि पुन्हा गेली.

"बास आता, चला," वीरेंद्र म्हणाला. तेव्हा त्याच्या आवाजात भीती होती. पण पाहुण्यांनी तिसरी फेरी पाहूनच गाड्या वळवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरेंद्रनं टेकडीवर मला उचललं. ठोके दुप्पट वेगानं येत होते.  मग मला धरून तो धावत सुटला, आणि फोरलेनच्या कडेला गाडीनं उडवलेली जोगण सापडली. रात्री-अपरात्रीची नव्हे, आदल्या दुपारचीच गोष्ट असणार, कारण तिसरं पिल्लू तिच्या जवळच होतं, आणि तेही गेलेलं होतं.

वीरेंद्र रडला. मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो. पण रडून झाल्यावर त्यानं तिला ओढत रस्त्याखालच्या पुलियात, म्हणजे पाणी जायच्या छोट्या पुलाखाली, नेलं, पिल्लाला तिच्याशेजारी ठेवलं आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. पट्टा त्याला उघडता आला नाही. सिमेंटच्या पुलियाखालून हाक बाहेर येणार नाही, असं त्यानं धरलं असावं.

मग त्यानं अल्पनाला फोन लावला. "दोन दिवस सिग्नलच नाही. पट्ट्याची बॅटरी गेली असेल," तो म्हणाला. मी त्याच्या मांडीवर होतो.

अल्पना दुसऱ्याच सकाळी आली. आईच्या डोळ्यावरची पट्टीसुद्धा निघाली नव्हती.

"एकदा मी ऐकून बघते."

"मी सगळीकडे फिरून पाहिलं, अल्पना."

"तरी बघते."

तिनं मला उंच धरलं. तिचा हात वीरेंद्रइतका तयार नव्हता, मला ती जरा घाईनंच फिरवायची. पण फोरलेनच्या दिशेला माझं तोंड आलं आणि यंत्रातून आवाज आला. अगदी क्षीण आणि भराभर. ठकठक, ठकठक, ठकठक.

अल्पनाचा चेहरा उतरला. "येतोय की सिग्नल."

"तो पवनचक्कीवरून आपटून येतोय," वीरेंद्र म्हणाला. "त्या रोखानं काही नाही. उसनी हाक आहे."

"पवनचक्की हाकेची दिशा बदलते, वीरेंद्र. ठोके जलद नाही करत."

ती दुसऱ्या टेकडीकडे निघाली. तो मागून चालत होता. तिथे तिनं दुसरी रेघ ओढली. नकाशा मांडीवर घेऊन ती बसली होती, आणि दोन रेघा पुलियापाशी एकमेकींना कापत होत्या. तिनं मला उचललं आणि खाली उतरू लागली.

अर्ध्या वाटेवर वीरेंद्र थांबला. "अल्पना, तिकडे नको जाऊस."

ती वळली. 

"तुला माहीत आहे तिथे काय आहे," ती म्हणाली.

त्यानं मग सगळं सांगितलं. जीपा, कॅमेरे, तीन फेऱ्या.

"का?"

"दोन वर्षं मी तुझ्यामागे उन्हात फिरलो. तिला शोधून काढणारा मी. प्रत्येक रिपोर्टवर नाव तुझं. मला फक्त एक फोटो हवा होता, ज्याच्या खाली माझं नाव असेल. ते नाव घालायचं त्या लोकांनी कबूल केलं होतं."

"हे तू मला सांगितलं असतंस, तर मी तुझं नाव माझ्या आधी घातलं असतं."

"तू विचारलं नाहीस कधी."

"नाही विचारलं," अल्पना म्हणाली. "ती माझी चूक आहे. पण तिचा जीव तुझ्या-माझ्या भांडणातला नव्हता."

पुलियाखालच्या फांद्या तिनं स्वतः बाजूला केल्या. मला तिनं गवतावर ठेवलं होतं. पट्टा अजून हाक देत होता. तिनं स्क्रू फिरवून तो काढला आणि बंद केला, तेव्हा कुठे माझ्या आत शांत झालं.

खंडोजींना तिनंच बोलावून घेतलं. ते आले, खाली वाकले, जोगणीच्या कपाळावर हात ठेवून उठले.

"जीपा मी बघितल्या होत्या," ते म्हणाले. "सफेद, तीन. सोबत वीरेंद्र भिया होते, म्हणून मी अडवलं नाही. मला वाटलं, ताईंनीच धाडले असतील. आपलाच माणूस आहे."

वीरेंद्र खाली मान घालून उभा होता.

"भिया, गावाशी मी दोन वर्षं भांडलो," खंडोजी त्याला म्हणाले. "त्यांना मी सांगायचो, लांडग्याचा भरोसा नाही, पण ह्या माणसांचा आहे. आता काय सांगू ते तुम्हीच सांगा."

 अल्पनानं वनखात्याला सगळं लिहून कळवलं, स्वतःची चूकही लिहिली. वीरेंद्रची बीडात जायची परवानगी गेली. पण त्याचं नाव असलेला तो फोटो तोवर मोबाइलवर सगळीकडे पोचला होता. तोंडात पिल्लू धरून निघालेली जोगण, उन्हात चमकणारं गवत. हजारो लोकांनी त्याखाली 'सुंदर' असं लिहिलं. ती का निघाली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दहाबारा दिवसांनी खंडोजींचा फोन आला. पवनचक्क्यांच्या टेकडीकडे नर लांडगा तोंडात काहीतरी धरून जाताना त्यांनी दोनदा पाहिला होता. "पिल्लं असतील, ताई. येऊन बघता का?"

"नको, दादा. कुणीच बघायला नको," अल्पना म्हणाली.

त्या लांडग्यांच्या गळ्यात पट्टा नाही. पिल्लं दोन आहेत, की एक, की एकही नाही, हे आज कुणालाच ठाऊक नाही. मी त्यांच्याकडे बोट दाखवू शकत नाही, आणि मला त्याचं समाधान आहे.

अल्पनानं मला देवासला परत आणून दिलं. मोरोपंतांनी सगळं ऐकून घेतलं.  मग ते म्हणाले, "शब्द मी दिला होता. तुझ्यापेक्षा मोठी चूक माझी, बाळ. मी त्याचा कान पाहिला, बाकीचं पाहिलं नाही." त्यानंतर त्यांनी रविवारचा खेळ बंद केला. माझ्या वायरीच्या टोकाला आता गंज चढला आहे. माझे हात आखूड केलेले आहेत, म्हणून जुन्या खेळाच्याही कामाचा मी नाही.

गेल्या महिन्यात वीरेंद्र येऊन गेला. दाराशीच उभा होता. वजन उतरलेलं होतं.

"काका, मला परत कधी तो अँटेना धरायला मिळेल का?"

"ते मला विचारू नकोस," मोरोपंत म्हणाले. "बदनावरला जा. खंडोजींना विचार."

तो गेला. बदनावरला गेला, की घरी गेला, हे मला कळलेलं नाही. लाज वाटते, पण तुम्हाला सांगतो, तो दारात उभा होता तेवढा वेळ मला त्याचा हात हवासा वाटत होता. ज्यानं मला फसवलं, त्याच्याइतकं चांगलं मला कुणीच धरलं नव्हतं.

मित्रांनो, मला जपा, पुसा, गंजू देऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी पट्टीचा तुकडा आहे, दुसरा बनवता येईल. पण उद्या तुम्हाला एखादं घरटं सापडेल, एखादं बीळ सापडेल, किंवा एखादा मित्र तुमच्यापुरतंच सांगेल की तो कुठे लपून रडतो. ती जागा तुम्हाला विश्वासानं मिळालेली असेल. कुणी कितीही कौतुकानं विचारलं, तरी तिकडे बोट दाखवू नका. मला हात आवरता आला नाही, तुमचा हात तुमचा आहे.